नाशिकच्या चित्रपटगृहांच्या मालकांना खुलं पत्र: वर्षातली एक सकाळ आमच्या मुलांना द्या

नाशिक शहरातल्या सर्व चित्रपटगृहांचे मालक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीतल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. माझं मागणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र कुठे चाललंय याचा अंदाज बांधत बसायला नको. दरवर्षी १६ फेब्रुवारीला सकाळचा एक खेळ महापालिकेच्या आणि शहरालगतच्या जिल्हा परिषद शाळांमधल्या तिसरीच्या मुलांसाठी राखून ठेवा. तिकीट न लावता. ती सुट्टी आली, तर लगतच्या कामाच्या दिवशी.

तारीख मी उगाच निवडलेली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब फाळके आपल्या या नाशकात गेले. त्यांचा जन्मदिवस ३० एप्रिल, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला तो दिवस ३ मे. दोन्ही तारखा मोठ्या, पण तेव्हा शाळा सुट्टीवर असतात किंवा सुट्टी तोंडावर आलेली असते आणि आमची निम्मी मुलं गावी गेलेली असतात. फेब्रुवारीत मुलं वर्गात असतात, ऊन अजून तापलेलं नसतं, आणि परीक्षाही जरा लांब असते.

हे डोक्यात आलं ते वर्गात. तिसरीला जिल्ह्याची ओळख शिकवताना त्र्यंबकेश्वर येतं, आणि त्र्यंबकेश्वर आलं की मी फाळक्यांचं नाव घेतेच. १८७० साली तिथे जन्मलेल्या माणसाने या देशातल्या चित्रपटसृष्टीचा पाया घातला, हे नाशिकच्या मुलांना ठाऊक असायलाच हवं. गेल्या वर्षी सांगता सांगता सहज विचारलं, “थिएटरमध्ये जाऊन पिक्चर कोणी कोणी पाहिलाय?” सात-आठ हात वर आले. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील भाजी मार्केटमध्ये हमाली करतात. ती म्हणाली, “बाई, मी पाहते मोबाईलवर. पण पप्पांना फोन आला की पिक्चर थांबतो. मग ते फोन घेऊन जातात. शेवट नाही पाहिला मी कधी.”

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पिक्चर असाच असतो, अशा समजुतीने सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना रामकुंडापाशी मी बराच वेळ बसून राहिले. मला माझा पहिला पिक्चर आठवत होता.

साल १९७८, दिवाळीची सुट्टी. आम्ही नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला राहायचो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, सरकारी नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये फिटर होते. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की कुठली, हे कोणी विचारत नाही. बोनस झाला होता. अण्णांनी सकाळीच जाहीर केलं की आज तीनचा खेळ. मी सात वर्षांची. पिक्चर म्हणजे काय, हे मला फक्त भिंतीवरच्या पोस्टरवरून माहीत होतं, आणि मला वाटायचं की आत तसंच एक मोठं पोस्टर असेल आणि आपण सगळे त्याच्यासमोर बसून ते नीट बघायचं असेल. आई आणि धाकटा भाऊ बसने आले. मी अण्णांच्या सायकलच्या दांडीवर. नवा फ्रॉक, केसाला खोबरेल, आणि आईने दिलेली खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी मुठीत.

खुर्ची लाकडी होती, दुमडणारी. मी बसले की ती माझ्यासकट मिटायची. वजनच नव्हतं मला. गुडघे हनुवटीला लागायचे आणि अण्णा हात घालून मला बाहेर काढायचे. शेवटी त्यांनी मला खुर्चीच्या अगदी कडेला बसवलं आणि एक हात खुर्चीवर दाबून ठेवला. तो हात त्यांनी पूर्ण खेळभर तसाच ठेवला असणार, कारण ती खुर्ची नंतर मिटली नाही. हे मला बऱ्याच वर्षांनी, माझ्या मुलाला घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं.

मग दिवे गेले. एकदम नाही गेले. भिंतीवरचे आधी, मग छताचे, मग पडद्याच्या कडेचे लाल. तेवढ्या वेळात सगळी कुजबूज आपोआप थांबली. आधी सरकारी बातमीपट झाला, कुठल्याशा धरणाचा. मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं. अण्णा मोठ्याने म्हणाले, “चौदा रिळं आहेत, म्हणजे अडीच तास.” मागून कोणीतरी म्हणालं, “वा, पैसे वसूल.” अख्ख्या थिएटरने ते सर्टिफिकेट वाचलं होतं. आता कोणी वाचतं का, मला माहीत नाही. पण एवढ्या माणसांनी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहणं, हे मी तोवर फक्त आरतीला पाहिलं होतं.

पिक्चर पौराणिक होता, कृष्णाचा. माझ्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला नऊवारीतल्या एक आजी. ओळख ना पाळख. कृष्ण पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा त्या आजींनी अंधारात पाय हळूच चपलांतून बाहेर काढले आणि हात जोडले. मी वाकून पाहिलं. आमच्या रांगेत आणखी दोन-तीन बायकांच्या चपला अशाच बाजूला सरकलेल्या होत्या. पुढे कोणीतरी पडद्याच्या दिशेने पैसे उधळले, ते फरशीवर खणखणले.

मग कालिया आला. यमुनेच्या पाण्यातून तो फणा काढून वर आला तेव्हा मी किंचाळले आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. पदराला कापराचा आणि तपकिरीचा वास होता. माझी आई तपकीर ओढत नव्हती. मी आजींच्या पदरात होते. मला लाज वाटली, पण तोंड बाहेर काढायचा धीर होईना. आजी काही बोलल्या नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पडद्याकडेच बघत राहिल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, “बघ आता, नाचतोय तो त्याच्या डोक्यावर.” मी बघितलं. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. मध्यंतरात आजींनी गुळाचा खडा दिला आणि मी त्यांना शेंगदाणे दिले. त्या कोण, कुठल्या, पुढे कधी कळलं नाही.

मालकहो, हे घरात होत नाही. आमच्या मुलांना गोष्टी कमी पडत नाहीत, हातातल्या फोनमध्ये रग्गड आहेत. पण घाबरल्यावर शेजारी बसलेल्या परक्या माणसाने डोक्यावर हात ठेवावा, आणि आपण टाळ्या वाजवाव्यात त्याच क्षणी आणखी चारशे माणसांनीही वाजवाव्यात, याला मोठी जागा लागते, आणि ती तुमच्याकडे आहे.

मध्यंतरानंतर एक गडबड झाली. चित्र हळूहळू पिवळट, मग अंधुक होत गेलं. लोक शिट्ट्या मारायला लागले, “ओ ऑपरेटर!” म्हणून ओरडायला लागले. मला वाटलं कृष्णाला काहीतरी झालं. थोड्या वेळात चित्र पुन्हा लख्ख झालं. अण्णांचा मात्र पिक्चरमधला जीव त्या घटकेला मशीनमध्ये गेला. फिटर माणूस. खेळ सुटल्यावर त्यांनी आईला आणि भावाला खाली उभं केलं, डोअरकीपरशी बोलले, आणि मला घेऊन अरुंद लोखंडी जिन्याने वर गेले.

वरच्या खोलीत दोन मशीनं होती, माणसापेक्षा उंच. खोलीत भट्टीसारखी धग. ऑपरेटरकाका बनियनवर, घामाने निथळलेले. त्यांनी मशीनचं दार उघडून दाखवलं. आत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, तांब्याचा मुलामा दिलेल्या. त्यांच्यामध्ये बारीक फट ठेवायची, त्या फटीत विजेची ज्योत पेटते, आणि सगळ्या थिएटरला दिसणारा उजेड तो एवढाच. कांड्या जळत जातात, फट वाढत जाते, म्हणून चाव्या फिरवून त्या पुढे सरकवत राहायचं. काका सांगत होते की दुसऱ्या मशीनवर रीळ चढवताना जरा उशीर झाला आणि फट वाढली, म्हणून चित्र मंदावलं. अण्णांनी मान हलवली. एका कामगाराने दुसऱ्याची अडचण समजून घेतल्यावर हलवतात तशी.

दोन मशीनं कशाला, हेही तेव्हा कळलं. एका चाकावर साधारण वीस मिनिटांचा पिक्चर मावायचा. तो संपत आला की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, पुन्हा ठिपका आला की पहिलं बंद करून दुसरं उघडायचं. खाली बसलेल्यांना पत्ता लागता कामा नये. त्या दिवसापासून पुढची कित्येक वर्षं मी प्रत्येक पिक्चरमध्ये तो ठिपका शोधायचे, आणि सापडला की वरच्या खोलीत बनियनवर उभा असलेला माणूस मला दिसायचा.

निघताना काकांनी तुटलेल्या रिळाचा एक तुकडा माझ्या हातात दिला. आठ चौकटी. मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. आठही चौकटींत तोच कृष्ण, तसाच उभा. मी रडवेली झाले, कारण तो हलत नव्हता. सायकलवर घरी जाताना अण्णांनी समजावलं: सेकंदाला अशी चोवीस चित्रं जातात, आणि प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये झडप पडते, काळोख होतो. डोळा आधीचं चित्र पटकन सोडत नाही, म्हणून आपल्याला काळोख दिसत नाही. “निम्मा वेळ आपण अंधारच बघत होतो, बाळ,” असं ते म्हणाले तेव्हा आम्ही जेलरोडच्या चढावर होतो आणि ते सायकलवरून उतरून चालत होते. हिशेबाने माझ्या हातात एका सेकंदाचा तिसरा हिस्सा होता. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. रंग उडून लालसर झालाय. दरवर्षी वर्गात फिरवते. मुलं तो डोळ्याला लावतात आणि त्यावर बोट फिरवून पाहतात, पुढे सरकतो का म्हणून.

आता फाळक्यांकडे येते, कारण माझ्या मागणीचा खरा आधार तेच आहेत.

१९११च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवसांत, फाळके गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. एकटे नाही गेले. थोरला मुलगा भालचंद्र बरोबर होता. त्यांनी प्राण्यांचा एक चित्रपट पाहिला. पोराने घरी जाऊन आईला, सरस्वतीबाईंना, सांगितलं की पडद्यावर जनावरं हलत होती. घरात कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन गेले, तर त्या दिवशी लागला होता ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट. तो बघता बघता त्यांना राम आणि कृष्ण पडद्यावर दिसायला लागले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: लंडनला जाऊन तंत्र शिकणं, कॅमेरा आणणं, कुंडीतल्या रोपाची वाढ चित्रित करून भांडवल मिळवणं, सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्यापासून सगळ्या माणसांच्या जेवणापर्यंतचं ओढलेलं काम, आणि १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’. त्यात रोहिदासाचं काम भालचंद्रानेच केलं.

मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी त्या मुलापाशी थांबते. बापाने बोट धरून एका पोराला थिएटरात नेलं, पोर घरी येऊन भडाभडा बोललं आणि कोणाला खरं वाटलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीची फेरी झाली. नसतं झालं तर? ‘राजा हरिश्चंद्र’नंतर लगेच फाळके नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे झाला, ज्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, दोघी पडद्यावर आल्या. तोवर बायकांची कामं पुरुषच करत होते. पुढे १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आम्ही सहली नेतो. मुलं बागेत खेळतात, डबा खातात, परत येतात. पिक्चर काही दिसत नाही.

म्हणून माझी एक आग्रहाची विनंती आहे. १६ फेब्रुवारीच्या खेळाला मुख्य चित्रपटाआधी दहा मिनिटं ‘कालिया मर्दन’ दाखवा. १९१९चा हा फाळक्यांचा मूकपट, आणि सुदैवाने त्याचा बराच भाग शिल्लक आहे. यात कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, तेव्हा सहा-सात वर्षांची. सुरुवातीला ती सरळ आपल्याकडे बघते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, राग, हसू, रडू. मग कृष्ण होते, पाण्यात उडी घेते, सापाशी झुंजते. मी हा मूकपट मोठेपणी पाहिला. साप वर आला तेव्हा माझा हात आपोआप शेजारी गेला, आजींच्या पदराकडे. माझ्या वर्गातल्या मुलींनी त्यांच्याच वयाची ही मुलगी वीस फुटांच्या पडद्यावर बघावी, अशी माझी फार इच्छा आहे. मूकपट आहे, मुलं ओरडली तरी एक अक्षर बुडणार नाही.

तुमची अडचण मला कळते. विजयानंद, चित्रमंदिर, सर्कल, मधुकर, हेमलता, दामोदर, अनुराधा, ही नावं एकेकाळी नाशकात पत्ता सांगायला वापरायचे लोक. त्यातल्या कित्येकांची आता नुसती आठवण उरलीय. चालवणं सोपं नाही, वीज, पगार, कर कोणाला चुकलेत! ज्यांनी पडदा अजून चालू ठेवलाय त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच संध्याकाळ मागत नाही, रविवार मागत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळच्या पहिल्या खेळाला किती माणसं असतात, हे मी स्वतः जाऊन पाहिलंय. एकदा आम्ही पाचजण होतो.

बाकी गोष्टी आम्ही बघू. शाळेतून आणण्या-नेण्याची जबाबदारी शिक्षकांची. बससाठी महापालिकेला आम्ही स्वतंत्र अर्ज करतोय. पालकांची संमतीपत्रं आम्ही घेऊ, दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस राहील. जाताना खुर्च्यांखालचा कचरा मुलंच उचलतील, वर्गाची सवय आहे. चित्रपट मराठी असावा, मुलांसाठीचा, दोन तासांच्या आतला.

तुमच्याकडून मात्र काही बारीक गोष्टी हव्यात. भाषण नको, सत्कार नको, पडद्यापुढे पाहुण्यांच्या खुर्च्या नकोत. मुलांना घरचा डबा आत आणू द्या, कारण बाहेरचे पॉपकॉर्न घेणारी मुलं दोन आणि बघणारी अठ्ठावीस असं व्हायला नको. दिवे एका खटक्यात घालवू नका, सावकाश घालवा. आणि खेळ संपल्यावर दहा-दहाच्या गटाने मुलांना वरची खोली दाखवा. आता रिळं नाहीत, कांड्या नाहीत, डिजिटल मशीन आहे, ते ठाऊक आहे मला. तरी ती छोटी काचेची खिडकी दाखवा, जिच्यातून उजेड जातो, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला चार वाक्यं बोलू द्या. मुलांना त्याचं नाव कळू द्या.

एक थिएटर पुढे आलं तरी पहिल्या वर्षी पुरे. आमच्या आणि शेजारच्या दोन शाळांची तिसरीची यादी मी करून ठेवलीय. तिच्यात ती मुलगीही आहे, शेवट न पाहिलेली. ती यंदा चौथीत गेलीय, नियमात बसत नाही, तरी तिला मी आणणार आहे. तेवढी एक खुर्ची जास्तीची धरा. शक्यतो पुढची, आणि दुमडणारी असेल तर सांगा, मी शेजारी बसेन.

आपली,
पंचवटीतली एक शिक्षिका